घरच्या घरी गाडीच्या शॉकअपवरची स्प्रिंग सुरक्षितपणे कशी काढावी

मोटारीच्या पुढच्या शॉकअपवरची स्प्रिंग काढताना एक नियम असा आहे की तो मोडला तर बाकीची सगळी काळजी वाया जाते. स्प्रिंग तिला वर-खाली आधार देणाऱ्या दोन्ही वाट्यांमध्ये सैल होऊन हाताने फिरू लागेपर्यंत शॉकअपच्या दांड्यावरचा मधला नट सोडायचा नाही. या कामात होणाऱ्या गंभीर दुखापतींच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच नट वेळेआधी सोडणे असते, म्हणून पुढची सगळी माहिती वाचतानाही हे वाक्य मनात धरून ठेवावे.

आपल्या मराठवाड्यात हे काम लवकर का निघते, ते आधी सांगतो. परभणी, नांदेड, हिंगोली या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर बांधलेला रस्ता वरून डांबरी दिसला तरी खालून वर-खाली होत राहतो. ऊसतोडीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या त्याच रस्त्यांवरून चालतात आणि उरलेसुरले पृष्ठभागही दबतात. गाडीचे चाक दिवसभर नाचत राहते. शिवाय ही माती चिकट असल्यामुळे स्प्रिंगच्या खालच्या वाटीत तिचा थर बसतो, तो आठवडाभर ओल धरून ठेवतो, स्प्रिंगचा रंग तिथेच आधी निघतो, गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांतून तडा सुरू होतो. तुटलेली स्प्रिंग म्हणून बहुधा खालच्या शेवटच्या वेढ्यापाशीच तुटलेली सापडते. गाडी एका बाजूला बोटभर खाली बसलेली दिसणे, किंवा उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवताना पुढून ‘कट’ असा आवाज येणे, ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत.

सर्वच गाड्यांत स्प्रिंग एकाच पद्धतीने बसवलेली नसते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाणारी रचना आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे असते, अगदी १९८३ मध्ये आलेल्या पहिल्या मारुती ८०० मध्येही ती होती. या रचनेत स्प्रिंग शॉकअपच्या अंगावरच बसवलेली असते, खाली शॉकअपला वेल्ड केलेली वाटी, वर दुसरी वाटी, तिच्यावर बेअरिंग आणि रबरी माउंटिंग, म्हणजे शॉकअप गाडीच्या सांगाड्याला जोडणारा भाग, आणि या सगळ्याला दाबून धरणारा तो एकच मधला नट. याउलट अनेक छोट्या गाड्यांत मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. तिथे मागची चाके जोडणारा आडवा बीम जॅकवर तोलून शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि जॅक सावकाश खाली घेतला की स्प्रिंग बहुधा मोकळी होऊन हातात येते. ते काम त्या मानाने सोपे आहे. हा लेख पुढच्या, म्हणजे दाबलेल्या स्प्रिंगच्या कामाबद्दल आहे.

धोका नेमका किती, हे आकड्यात पाहिले की हात आपोआप सावकाश चालतो. समजा एखाद्या स्प्रिंगचा ताठपणा दर मिलिमीटरला २५ न्यूटन आहे आणि काढताना ती तिच्या मोकळ्या लांबीपेक्षा १२० मिलिमीटर दाबली गेली आहे. तेव्हा ती ३,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर पडू पाहते, आणि तिच्यात साठलेली ऊर्जा १८० ज्यूल भरते. काठोकाठ भरलेला अठरा लिटरचा हंडा कमरेइतक्या उंचीवरून पायावर पडावा, इतकी ती ऊर्जा आहे. फरक असा की हंडा पडताना दिसतो. स्प्रिंग सुटते तेव्हा ही ऊर्जा दोन किलोच्या माउंटिंगमध्ये पूर्ण उतरली तर ते माउंटिंग ताशी जवळपास ५० किलोमीटर वेगाने निघेल, आणि बहुतेक वेळा नट सोडणाऱ्याचा चेहरा त्याच्याच रेषेत असतो.

म्हणून दोरी, सायकलची ट्यूब, बाइंडिंगची तार किंवा जुना सीट बेल्ट यांनी वेढे बांधून नट सोडण्याची जी पद्धत काही ठिकाणी अजून दिसते, तिला मी ठामपणे नाही म्हणतो. तार ताणली जाते, गाठ सरकते, आणि ते केव्हा होईल हे आधी कळायला काहीही मार्ग नसतो. गॅसकटरने स्प्रिंग कापणे तर मुळीच करू नये. तापवल्याने स्प्रिंगच्या पोलादाचा कस जातो, आणि शॉकअपच्या आत तेल व अनेकदा दाबाखालचा वायू असतो. शॉकअपला आच लागली तर तो फुटू शकतो.

या कामाला स्प्रिंग कॉम्प्रेसरच लागतो. घरगुती वापराचा कॉम्प्रेसर म्हणजे दोन लांब आटेदार बोल्ट आणि प्रत्येकावर दोन-दोन आकडे, म्हणजे हुक. बोल्ट फिरवला की आकडे एकमेकांकडे सरकतात आणि मधले वेढे दाबले जातात. घेताना आकड्यांना वेढ्याभोवती बंद होणारी खिट्टी किंवा पिन आहे का, हे पाहावे, कारण बिनखिट्टीचा आकडा वेढ्यावरून घसरू शकतो. त्यावर लिहिलेली भारक्षमता आपल्या गाडीला पुरेशी आहे, याची खात्री करावी. उसना आणला असेल तर दोन्ही बोल्ट पूर्ण उलगडून तारेच्या ब्रशने साफ करावेत, आटे बोटाच्या पेराने चाचपून पाहावेत, आणि एकही आटा चपटा झालेला किंवा आकड्यावर वेल्डिंगचा जोड दिसला तर ते हत्यार परत करावे.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी मी असाच एक कॉम्प्रेसर उसना आणला होता. त्याचा एक आकडा कधीतरी वेल्ड करून सरळ केलेला होता आणि तो जोड मला दिसूनही मी पुढे गेलो. स्प्रिंग अर्ध्याहून अधिक दाबली गेल्यावर मोठा आवाज झाला, तो आकडा वेढ्यावरून दोन बोटे सरकला आणि सरळ असलेली स्प्रिंग क्षणात धनुष्यासारखी वाकली. मधला नट जागेवर होता, एवढ्याच कारणाने काही उडाले नाही. दुसऱ्या बाजूचा बोल्ट पाव-पाव फेरा उलटा फिरवत ती स्प्रिंग पुन्हा आपल्या वाट्यांवर आणून बसवायला मला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात माझ्या हातांचा कंप थांबला नाही.

जागा आणि वेळ

गाडी कुठे उभी करायची, हा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. अंगणातल्या काळ्या मातीवर जॅक किंवा उचललेली गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड लावू नये. वरून टणक दिसणारी माती वजन पडल्यावर खचते, आणि पाऊस होऊन गेला असेल तर घसरतेसुद्धा. शहाबादी फरशीवरही तितकाच अविश्वास ठेवावा. बऱ्याच घरांसमोर ती भरावावर नुसती टेकवलेली असते, हातोडीच्या दांड्याने ठोकली की पोकळ वाजते, आणि स्टँडचा बारीक पाय त्याच पोकळीवर आला तर फरशी फुटून गाडी खाली येते. सिमेंट काँक्रीटची सपाट जागा हवी. ती नसेल तर प्रत्येक स्टँडखाली किमान दीड फूट लांब-रुंद, जाड आणि अखंड लाकडी फळी किंवा लोखंडी पत्रा घालावा. विटा रचून त्यावर गाडी ठेवू नये, कारण वीट सावकाश नमत नाही, ती एकदम फुटते.

उन्हाळ्यात हे काम सकाळी सहाला सुरू करावे. एप्रिल-मेमध्ये दहानंतर उन्हातले लोखंड हातात धरवत नाही, घामाने पकड सुटते आणि कंटाळून माणूस घाई करतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत, मुले घरात, आणि सोबतीला एक समजूतदार मोठे माणूस असावे. त्याने स्प्रिंगला हात लावण्याची गरज नाही. तुम्हाला थांबवायला आणि वेळ पडली तर दवाखान्यात न्यायला तो हवा. डोळ्यांवर गॉगल, पायात बंद बूट आणि हातात घट्ट बसणारे हातमोजे असू द्यावेत.

शॉकअप गाडीतून उतरवणे

हँडब्रेक ओढून मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लावाव्यात, आणि पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत. मग गाडी जॅकने उचलून, गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच स्टँड लावावा. चाक काढल्यावर ते दाराखालच्या पट्टीच्या खाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड निसटलाच तर गाडी तुमच्यावर न येता त्या चाकावर टेकेल. गाडीखाली फक्त जॅक असताना कोणताही अवयव गाडीखाली जाऊ नये.

आता शॉकअपभोवतीची माती ब्रशने काढून खालच्या दोन मोठ्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारावे आणि अर्धा तास ते मुरू द्यावे. तोवर ब्रेकच्या नळीची क्लिप, ए.बी.एस.ची (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आणि शॉकअपला जोडलेला बारीक दांडा, म्हणजे लिंक रॉड, शॉकअपपासून मोकळे करता येतात. खालच्या बोल्टांची स्थिती रंगाच्या खुणेने नोंदवून ठेवावी, म्हणजे बसवताना चाकाचा कोन जवळपास पूर्वीइतकाच येतो. बोल्ट निघताच चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, बाहेरच्या बाजूला कलंडू पाहतो. त्याचे वजन ब्रेकच्या नळीवर किंवा ॲक्सलच्या सांध्यावर येऊ नये, म्हणून त्याला आधीच मजबूत तारेने गाडीच्या सांगाड्याला बांधावे.

बॉनेट उघडल्यावर शॉकअपच्या डोक्यावर कडेने दोन-तीन छोटे नट दिसतात आणि मध्ये एक मोठा नट दिसतो, कधी तो प्लॅस्टिकच्या टोपीखाली असतो. काढायचे ते कडेचे नट. मधल्या नटाला या टप्प्यावर पाना लावूसुद्धा नये. गाडीत असतानाच तो ‘जरासा’ ढिला करून ठेवण्याची सवय काहींना असते. ते मी सांगणार नाही, कारण जरासा म्हणजे किती, हे प्रत्येकाचा हात वेगळे ठरवतो. कडेचा शेवटचा नट सोडताना दुसऱ्या हाताने शॉकअप खालून धरावा. तो जड असतो आणि निघताच खाली येतो.

इथे एक पर्याय मनापासून सुचवतो. शॉकअप बाहेर काढेपर्यंतचे काम घरी करून, तो तसाच्या तसा, स्प्रिंगसकट, एखाद्या वर्कशॉपमध्ये न्यावा जिथे भिंतीला किंवा बाकाला बसवलेला मोठा कॉम्प्रेसर आहे. मजुरीचा मोठा भाग वाचतो आणि धोक्याचा भाग योग्य यंत्रावर होतो. गाडी जड एस.यू.व्ही. असेल, स्प्रिंग निमुळती किंवा मोजक्याच वेढ्यांची असेल, ती आधीच तुटलेली असेल, किंवा कॉम्प्रेसरबद्दल तिळभर शंका असेल, तर पर्याय म्हणून नव्हे, हेच करावे.

स्प्रिंग दाबणे

शॉकअप आडवा ठेवून त्याचे खालचे टोक बाकावरच्या व्हाइसमध्ये (शिकंजात) धरावे. नळकांड्यावर व्हाइस आवळू नये, ते चेपले तर शॉकअप निकामी होतो. दोन्ही टोकांच्या रेषेत, म्हणजे एका बाजूला माउंटिंगसमोर आणि दुसऱ्या बाजूला बुडासमोर, कोणीही उभे राहू नये. तुमची जागा नेहमी बाजूला. स्प्रिंगचे वरचे व खालचे टोक वाट्यांत कुठे टेकले आहे, त्यावर रंगाच्या खुणा कराव्यात.

वेढ्यांवरचे तेल आणि माती फडक्याने कोरडी पुसावी, पण कॉम्प्रेसरच्या बोल्टांना भरपूर ग्रीस लावावे. पकडीच्या जागी कोरडे, फिरण्याच्या जागी ओलसर, हे उलटे झाले तर दोन्हीकडून घात होतो. कॉम्प्रेसरचे दोन्ही बोल्ट एकमेकांच्या बरोबर समोर, घड्याळातल्या बारा आणि सहासारखे लावावेत. मधले जास्तीत जास्त वेढे आकड्यांमध्ये यायला हवेत. आकडा वेढ्यावर पूर्ण टेकला आहे, तिरका नाही, खिट्टी बसली आहे, हे चारही ठिकाणी बोट लावून पाहावे. रंग उडालेल्या किंवा गंजाने खाल्लेल्या वेढ्यावर आकडा लावू नये. जास्तीची काळजी म्हणून एक मजबूत साखळी वेढ्यांतून ओवून शॉकअपभोवती बांधता येते. तिने धोका संपत नाही, पण सुटलेला भाग दूर जाणे कमी होते.

बोल्ट हाताच्या रॅचेटनेच फिरवावेत. झटके देत नट फिरवणारी इम्पॅक्ट गन वापरू नये. तिच्या झटक्यांनी आटे तापतात आणि आतून खरवडले जातात, आणि हाताला जो जडपणा जाणवायला हवा तो जाणवतच नाही. एका बाजूला दोन फेरे, मग दुसऱ्या बाजूला दोन फेरे, असे आळीपाळीने जावे. बोल्टाच्या आट्यांचे अंतर २ मिलिमीटर असेल तर ६० मिलिमीटर दाबायला प्रत्येक बाजूला ३० फेरे लागतात. तेवढा वेळ हे काम मागतेच. दर सहा-आठ फेऱ्यांनी दोन्हीकडच्या आकड्यांमधले अंतर टेपने मोजावे. स्प्रिंग एका बाजूला वाकताना दिसली तर थांबून जास्त आवळलेली बाजू थोडी सोडावी. बोल्ट अचानक जड झाला, करकरला किंवा आकडा हलल्यासारखा वाटला तर पुढे न जाता सगळे उलट्या क्रमाने सोडून पुन्हा लावावे. वेढे एकमेकांना टेकेपर्यंत दाबणे कधीच आवश्यक नसते.

थोड्या वेळाने एक क्षण असा येतो की वरच्या वाटीतून स्प्रिंग किंचित सुटते. खालच्या टोकाशी बारीक फट दिसते, माउंटिंग हाताने हलवले की खडखडते, आणि कॉम्प्रेसरसकट स्प्रिंग दोन्ही हातांनी धरून वळवली की शॉकअपभोवती फिरते. ही खूण मिळाल्यावरही मी प्रत्येक बाजूला आणखी एक-दोन फेरे देतो. स्प्रिंग फिरत नसेल तर नट सोडण्याची वेळ अजून आलेली नाही.

नट सोडताना शॉकअपचा दांडा आत फिरतो, म्हणून त्याच्या टोकाला ॲलन की किंवा चपटा पाना लावून तो स्थिर धरावा लागतो. दांड्याचा गुळगुळीत भाग पकडीने धरू नये, त्यावर ओरखडा पडला की आतले सील फाटते आणि तेल गळू लागते. बाजूला उभे राहून नट सावकाश सोडावा आणि नजर माउंटिंगवर ठेवावी. नट वर चढतो आहे आणि माउंटिंग जागेवरच आहे, तर सगळे ठीक आहे. नटाबरोबर माउंटिंगही वर सरकत असेल तर स्प्रिंगचा जोर अजून त्याच्यावर आहे. लगेच नट परत आवळावा आणि स्प्रिंग आणखी दाबावी.

नट निघाल्यावर माउंटिंग, बेअरिंग, वरची वाटी हे भाग निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवावेत आणि कॉम्प्रेसरसकट स्प्रिंग वर उचलून घ्यावी. दाबलेली स्प्रिंग हातात असताना ती छातीजवळ धरू नये, आपटू नये, आणि तशीच ठेवून चहाला जाऊ नये. तीच स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवायची असेल तर ती लगोलग चढवावी. नसेल तर जमिनीवर आडवी ठेवून, टोके भिंतीकडे करून, दोन-दोन फेऱ्यांनी आळीपाळीने पूर्ण सैल करावी. सोडतानाही घाई तितकीच महाग पडते.

पाहणी आणि परत बसवणे

मोकळ्या झालेल्या स्प्रिंगचे शेवटचे दीड वेढे तारेच्या ब्रशने घासून उजेडात पाहावेत. केसाइतकी रेघ दिसली तरी ती स्प्रिंग पुन्हा लावू नये. बदलायची झाली तर डावी-उजवी जोडीनेच बदलावी, नाहीतर गाडी एका बाजूला कलते. बेअरिंग हातात फिरवून पाहावे, धूळ शिरून खरखरत असेल तर नवे घालावे, कारण त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप पुन्हा करणे परवडत नाही.

नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून दांडा चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करावा, म्हणजे आतली हवा निघते. स्प्रिंगचे टोक वाटीतल्या पायरीला टेकले पाहिजे, दोन बोटे पुढे-मागे राहिले तर पहिल्याच खड्ड्यात ती उडी मारून जागा बदलते. मधला नट शक्यतो नवा घ्यावा आणि पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळावा. तो पूर्ण आवळल्यानंतरच कॉम्प्रेसर सोडायला सुरुवात करावी, आणि दोन्ही टोके वाट्यांत नीट बसत आहेत ना, हे बघत बघत सोडावा. खालचे बोल्ट रंगाच्या खुणेवर आणून आवळावेत, ब्रेकची नळी आणि वायर आपापल्या क्लिपमध्ये परत घालाव्यात, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून नळी कुठे ताणत नाही ना, हे पाहावे.

गाडी जमिनीवर आल्यावर चाकाचे नट टॉर्क रेंचने आवळून, पुढचा भाग हाताने दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन थांबायला हवा. त्याच आठवड्यात चाकांचे अलाइनमेंट (कोनांची जुळणी) करून घ्यावे, आणि साधारण ५० किलोमीटर चालवल्यावर बॉनेट उघडून कडेचे नट आणि खालचे दोन बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंच लावून तपासावेत.